विहिरीवरची सभा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेचा क्रम कधी बदलत नाही. आधी प्रार्थना. मग त्या महिन्यात गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली, सगळ्यांनी उभं राहून. ती संपली की लगेच वाढदिवस. मग पाहुण्यांचं व्याख्यान, आभार आणि खाणं. श्रद्धांजली आणि वाढदिवस यांच्यामध्ये निदान एखादं गाणं तरी असावं, असं मी पूर्वी घरी म्हणत असे. माझे यजमान संघाचे चिटणीस होते. ते म्हणायचे, "गाणं घातलं तर लोक रडत बसतील. लगेच हातात पेढा ठेवलेला बरा."

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस उभं राहायची वेळ त्यांच्यासाठी आली. मी पहिल्या रांगेत होते. डोळे मिटलेले असतानाच मागे पेढ्यांच्या बॉक्सचा दोरा तोडल्याचा आवाज आला. मला राग आला नाही. त्यांचंच म्हणणं बरोबर होतं.

सभा भरते ते सभागृह आमच्याच इमारतीच्या तळाशी आहे. मुलुंड पूर्वेची ही वसाहत जुनी. निम्मी घरं गिरण्यांत काम केलेल्या कोकणातल्या कुटुंबांची, निम्मी आमच्यासारखी, कचेऱ्या आणि शाळा-कॉलेजांत नोकऱ्या केलेल्यांची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. पुढे वाढीव बांधकामाची परवानगी मिळाली तेव्हा इमारतीच्या मागच्या अंगाला नवे खांब उभे करून प्रत्येक घराला एकेक खोली जोडली गेली, आणि त्या खोल्यांच्या खाली हे सभागृह झालं. आम्ही पहिल्या मजल्यावर. म्हणजे सभागृहाच्या बरोबर वर आमची वाढीव खोली. तिथे यांची पुस्तकं होती, आरामखुर्ची होती, आणि आजारपणात पलंगही तिथेच लावला होता. हे त्याच खोलीत गेले.

मुलगा पुण्याला असतो. तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, "आई, एकटी काय करतेस तिथे? चल इकडे." मी म्हणायची, "मी ठीक आहे." खरं उत्तर एवढंच होतं की मला ती खोली सोडायची नव्हती. संध्याकाळी मी तिथे बसायची. वाचायचीच असं नाही. खुर्चीचा हात गुळगुळीत झाला होता त्या जागेवर हात ठेवून बसायची. ती खोली होती तोवर मी कुणाकडे राहायला गेलेली बाई नव्हते. आपल्या घरातली बाई होते.

त्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग खाली उतरत होती. यांनी ती पांढऱ्या सिमेंटने बुजवली होती. ती पुन्हा आली, यांनी पुन्हा बुजवली. हे गेल्यानंतर ती तिसऱ्यांदा आली, आणि आता बुजवायला कुणी नव्हतं, म्हणून मी तिच्यापुढे पुस्तकांचा एक गठ्ठा ठेवला.

खाली सभागृहातही फरशी मधोमध बसली होती. एकदम नाही, पण बसलेली दिसायची. मधल्या रांगेतल्या खुर्च्या एकमेकींकडे किंचित कलायच्या. एकदा वाढदिवसाच्या कार्यक्रमात एका काकांच्या हातातला नारळ निसटला. तो भिंतीजवळ पडला आणि सावकाश लोळत, खुर्च्यांच्या पायांना वळसे घालत, खोलीच्या मध्यावर येऊन थांबला. सगळे हसले. "नारळाला पण पुढच्या रांगेत बसायचंय," अध्यक्ष म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे, मनाने चांगले गृहस्थ. त्यांचं मत असं की गवंड्याने भरणी नीट दाबली नव्हती, आणि मुंबईत कुठली जमीन सपाट असते?

फाल्गुनातल्या सभेसाठी जे पाहुणे आले, त्यांना यांनीच ठरवलं होतं. हे आजारी पडण्यापूर्वी त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं होतं. गृहस्थ निवृत्त शिक्षक. उपनगरांतली जुनी कुटुंबं शोधून त्यांच्याकडचे फोटो, नकाशे, आठवणी गोळा करायचा त्यांना नाद. "पोस्टर छापू नका, हार नको, प्रोजेक्टर असेल तर पुरे," एवढीच त्यांची अट होती. विषय होता, आपल्या वसाहतीच्या आधी इथे काय होतं. आभार मानायचं काम पूर्वी यांचं असे. अध्यक्ष मला म्हणाले, "वहिनी, या वेळी तुम्ही बोला. त्यांचेच पाहुणे आहेत." मी हो म्हटलं.

पाहुणे बारीक अंगाचे, बोलताना चष्मा कपाळावर ढकलणारे. आवाज हळू. पण पहिल्या पाच मिनिटांतच मागच्या रांगेतल्या कुजबुजी बंद झाल्या. त्यांनी सांगितलं की खाडीकडे मिठागरं होती, डोंगराकडे गवताची कुरणं होती, आणि आपण बसलोय त्या भागात वाड्या होत्या, आंब्याच्या, भाजीच्या, आणि वाडी म्हटली की विहीर आलीच. "तुम्ही इतिहास म्हटलं की किल्ले शोधता," ते म्हणाले. "उपनगरात किल्ले नाहीत. इथला इतिहास म्हणजे बुजवलेलं पाणी."

मग त्यांनी एक फोटो पडद्यावर आणला. काळा-पांढरा, कडांना खाल्लेला. विहिरीच्या काठावर दोन बायका, एकीच्या कमरेवर घागर. लाकडी रहाट. मागे एक छोटं देऊळ, त्याच्याही मागे डोंगराची रेघ.

"अरे, हे आपलं देवीचं देऊळ!" कुणीतरी ओरडलं.

"कळस नाही रे त्याला."

"कळस नंतर बसवला. पायऱ्या बघ ना. तीच तिरपी पायरी."

सभागृहात एकदम जीव आला. लोक उभे राहून पडद्याजवळ जाऊ लागले. ज्यांना जवळचं दिसत नाही ते मागे गेले, ज्यांना लांबचं दिसत नाही ते पुढे आले. गल्लीच्या तोंडाशी असलेलं ते देऊळ आमच्या सगळ्यांच्या रोजच्या वाटेवरचं. आपली रोजची पायरी इतक्या जुन्या फोटोत बघून माणसं लहान मुलांसारखी खूश झाली होती. मीही.

"मग ही विहीर कुठे गेली, सर?" एका काकांनी विचारलं.

"तेच बघूया," पाहुणे म्हणाले. सभागृहाच्या खिडकीतून देऊळ दिसतं. ते खिडकीशी गेले. चष्मा डोळ्यांवर घेतला, पडद्याकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एक हात उभा धरून मान तिरकी केली. मग वळले आणि खुर्च्यांमधून वाट काढत, मोजल्यासारखे चालत, मध्ये आले. जिथे फरशी बसली होती तिथे येऊन थांबले.

"देवळाच्या डाव्या खांद्याला, आणि मागच्या डोंगराची ही रेघ धरली तर..." ते म्हणाले. "म्हणजे साधारण इथे."

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागून सगळ्यांनी वाजवल्या. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या आणि मग एकदम थांबल्या, प्रत्येकाने दुसऱ्याच्या पायांकडे पाहिल्यावर.

मधल्या रांगेत बसलेल्या एक काकू उठल्या आणि भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्यांच्या यजमानांनी विचारलं, "काय गं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. पंखा लागत होता."

"हंयच होती."

मामी बोलत होत्या. मामी आमच्या वरच्या, दुसऱ्या मजल्यावर राहतात. संघातल्या सर्वांत वयस्कर. मूळच्या मालवणच्या, उभं आयुष्य मुंबईत काढून बोली जशीच्या तशी. सगळी वसाहत त्यांना मामीच म्हणते.

"माका इचारा," मामी म्हणाल्या. "मी लगीन होवन इलंय तेव्हा ह्याच बावीचा पाणी काढलंय. मगे मुन्शिपाल्टीवाले इले. डास होतत म्हणून. बुजवा म्हणाले."

"मग बुजवली ना?" पाहुण्यांनी विचारलं.

"बाव अशी बुजवची नसता. बुजवणाऱ्याचो वंस बुडता असा म्हणतत आमच्याकडे. पुरुष मानसा पन भियाली. मगे भटजी म्हणालो, नुसती माती घालू नकात, देवाधर्माचा काय आसात तां आधी घाला, मगे बुजवा."

आणि मग मामींनी जे सांगितलं ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, तो विहिरीच्या भयाने नव्हे. ते मला फार समजण्यासारखं वाटलं म्हणून. प्रत्येक घरात अशा वस्तू असतात ज्या ठेवता येत नाहीत आणि कचऱ्यात टाकताही येत नाहीत. भंगलेल्या मूर्ती. झिजलेले टाक. वाळवी लागलेल्या पोथ्या. जुना देव्हारा. गेलेल्यांचे फोटो, ज्यांना ओळखणारंही आता कुणी उरलेलं नाही. त्या सगळ्या वस्तू घराघरांतून निघाल्या आणि विहिरीत गेल्या. बातमी पसरली तशी शेजारच्या गल्ल्यांतूनही माणसं पिशव्या घेऊन आली. विहीर जवळजवळ काठोकाठ त्यानेच भरली. मग वरून थोडं डेब्रिज आणि त्यावर स्लॅब.

"आमच्या सासऱ्याचो फोटो मी ह्या हातान सोडलंय," मामी म्हणाल्या. "भायर टाकूक होया काय? पाण्यात सोडलो की तो गेलो. टाकलो असा होना नाय."

कुणी हसलं नाही. अध्यक्षच म्हणाले, "मामी, घाबरवू नका हो लोकांना. आत्ता वडे यायचेत." मग हशा झाला. लोकांना तो हवाच होता.

पाहुणे मात्र हसले नाहीत. पडदा गुंडाळायला मी त्यांना मदत करत होते तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, या वरच्या खोल्यांत कोण राहतं?"

"पहिल्या मजल्यावर मी."

ते थोडा वेळ दोरीची गाठ मारत राहिले. "मी फोटो गोळा करणारा माणूस आहे. यातलं मला कळतं असं नाही. पण दगडमातीने भरलेली विहीर एकदा बसते आणि थांबते. लाकडाने, कागदाने भरलेली कुजत जाते. तुमचे हे खांब तिच्या किती जवळ आहेत, ते कुणीतरी जाणकाराने बघावं."

मला आभार मानायचे होते. यांच्यासारखं मला कोटी करून बोलता येत नाही, म्हणून मी चार वाक्यं पाठ केली होती. ती बोलले. मग पाठ न केलेलं एक बोलले. "पुढच्या सभेआधी समितीने एखाद्या इंजिनियरला बोलवावं आणि ही फरशी उघडून बघावी, अशी माझी विनंती आहे. तोपर्यंत इथे सभा घेऊ नये."

"वहिनी, तुम्ही वाचता फार," मागून कुणीतरी म्हणालं.

"अगं, एवढी वर्षं उभी आहे ना बिल्डिंग!"

"आणि फरशी उघडायचा खर्च कोण देणार? पाहुणे?"

पण भिंतीकडे जाऊन बसलेल्या काकू म्हणाल्या, "बघायला काय हरकत आहे?" आणि बायकांच्या बाजूने दोन-तीन माना हलल्या. वडे खाताना सगळी माणसं भिंतींना टेकून उभी होती. मध्ये कुणी गेलं नाही.

इंजिनियर आली ती एक तरुण मुलगी. तिने बूट काढले नाहीत म्हणून अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडली. तिने हातोडीच्या मागच्या टोकाने फरशी ठोकत भिंतीपासून सुरुवात केली. भिंतीजवळ आवाज टणक होता. मध्याकडे येत गेली तसा तो बदलत गेला, आणि एका ठिकाणी तो असा आला की रिकाम्या पिंपावर ठोकावं. ती थांबली. हातोडी खाली न ठेवताच म्हणाली, "सगळे जरा मागे व्हा."

मग तिने वरच्या खोल्या पाहिल्या. आमच्या खोलीत आली, पुस्तकांचा गठ्ठा बाजूला केला, भेगेत नख घातलं. ते आत गेलं. "ही किती दिवसांची?" मी सांगितलं. तिने खोलीभर पाहिलं. पुस्तकांनी भरलेली तिन्ही भिंतींची कपाटं, खुर्ची. "काकू, ही पुस्तकं आधी इथून हलवा. वजन आहे. आणि काम होईपर्यंत या खोलीत बसू नका."

"आणि काम झाल्यावर?"

"विहीर तळापर्यंत साफ केली, आतलं सगळं बाहेर काढलं, दगड आणि काँक्रीटने भरली, तर खांबाला आधार मिळेल. मग बसा खुशाल. पण सगळं बाहेर काढायचं. लाकडाचा एक तुकडा आत राहता कामा नये."

ते मी मनाशी धरून ठेवलं. सगळं बाहेर काढायचं. मग मी राहू शकत होते. पुस्तकं मी आतल्या खोलीत नेली. काही पलंगाखाली, काही स्वयंपाकघराच्या माळ्यावर. मुलाला फोनवर फक्त एवढंच म्हटलं की खाली फरशीचं काम निघालंय.

स्लॅब फोडला त्या दिवशी सगळी वसाहत दाराशी उभी होती. कामगारांनी पहिला तुकडा उचलला आणि खालून ओला, गार वारा वर आला. त्याला वास होता. देवघरातल्या जुन्या फुलांचा असतो तसा, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी. स्लॅबच्या खाली भरणी नव्हती. माणूस उभा राहील एवढी पोकळी होती, आणि त्याखाली काळं, न हलणारं पाणी. आम्ही सभा घ्यायचो ती नुसत्या त्या स्लॅबवर.

पंप लावून पाणी काढलं. मग वस्तू वर येऊ लागल्या. पोथ्यांचा लगदा झाला होता. देव्हाऱ्याचं लाकूड हाताने कुस्करलं जात होतं. टाक हिरवे पडले होते. आणि फोटो. फ्रेमा बऱ्याचशा शाबूत होत्या, काचाही. पाण्याने आतला कागद मात्र खाल्ला होता. काही ठिकाणी नुसता पांढरा चौकोन. काही ठिकाणी फेटा होता, खांदे होते, गळ्यातला हार होता आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. कामगारांनी त्या फ्रेमा कंपाऊंडच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवल्या. सगळ्या आमच्याकडे तोंड करून.

लोक एकेक फ्रेम बघत फिरत होते. हे कोण, ते कोण. कुणालाच सांगता येत नव्हतं. मामी काठी टेकत आल्या, एका फ्रेमपुढे थांबल्या. तिच्या कोपऱ्यांना पितळी फुलं होती. "ह्यो आमचो," त्या म्हणाल्या आणि पदर डोक्यावर घेतला. दोन घरं सोडून राहणारे काका म्हणाले, "मामी, अशीच फ्रेम आमच्या आजोबांची पण होती." मामी म्हणाल्या, "मगे तुमचो ह्यो, आमचो तो," आणि शेजारच्या फ्रेमकडे वळल्या.

या सगळ्याचं करायचं काय, हा प्रश्न त्या संध्याकाळपासूनच सुरू झाला. खाडीत सोडावं तर आता पोलीस विचारतात. भंगारवाला फ्रेमा घेईल, पण देवाला आणि बापजाद्यांना भंगारात कसं द्यायचं? अध्यक्ष म्हणाले, बघू, काहीतरी व्यवस्था करू. फ्रेमा तशाच भिंतीला टेकून राहिल्या. मी बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले की त्या दिसायच्या. मी कपडे घरातच वाळवायला लागले.

भरणीचा दगड येणार होता त्या सकाळी मी लवकर खाली उतरले. इंजिनियर उशिरा येणार होती. सभागृहाच्या दारातून मला आधी पाठी दिसल्या. कडेने माणसं उभी होती, शांत, देवळात असतात तशी. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, कापडी पिशवीतलं, लाल फडक्यात बांधलेलं. आणि कंपाऊंडच्या भिंतीला टेकवलेल्या फ्रेमा आता तिथे नव्हत्या.

एक काकू पुढे झाल्या, वाकल्या, नमस्कार केला आणि हातातलं सोडलं. खाली लाकडावर लाकूड पडल्याचा आवाज आला. त्यांच्यामागे दुसऱ्या. अध्यक्ष स्वतः एक सागवानी देव्हारा घेऊन आले होते, मुलाने नवा संगमरवरी आणल्यामुळे गच्चीवर पडलेला. ठेकेदाराचा माणूस म्हणत होता, "साहेब, मॅडम बोंबलतील." अध्यक्ष म्हणाले, "अरे, वरून दगड येणारच आहे ना? देवाधर्माचं आहे. थोडंसंच आहे."

"हे लाकूड आहे," मी म्हणाले.

सगळे वळले.

"तिने सांगितलं होतं, एक तुकडा राहता कामा नये. याच्यामुळेच तर..."

"वहिनी," अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले, "तेव्हा नुसता कचरा होता. आता काँक्रीट येणार आहे. हे आहे ते कुठे टाकायचं सांगा ना. सांगा तुम्ही."

पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका शेजारणीने माझ्या दंडावर हात ठेवला. "तुमच्याकडे काही असेल तर आणा ना. त्यांचं काही. नाहीतर पुन्हा अशी जागा मिळायची नाही."

ती हे मनापासून बोलत होती. आणि एक क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे कपाटाचा तो खण आला, यांच्या कवळीचा, चष्म्याचा, कानातल्या यंत्राचा. मी काय काय आणीन, कशात गुंडाळीन, तेही दिसलं. मी जिना चढून वर आले ते इंजिनियरला फोन करायला.

ती आली तेव्हा दगडाची पहिली खेप आत पडली होती. तिने कडेवर उभी राहून पाहिलं. दगडांशिवाय काही दिसत नव्हतं. "खाली फक्त दगडच आहेत ना?" तिने विचारलं.

ठेकेदाराचा माणूस चपलेने माती उकरत होता. मामी काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले.

अध्यक्षांनी तिला थोडं बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज मोठा आहे, हळू बोलले तरी ऐकू येतो. "त्यांचं मनावर घेऊ नका. यजमान गेलेत, वर्षसुद्धा झालेलं नाही. जरा हळव्या झाल्यात."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला काय वाटलं ते मला कळलं नाही. ती अध्यक्षांना म्हणाली, "दगड पुन्हा काढा, मला तळ दाखवा. नाहीतर मी याला हो म्हणणार नाही." तिने हेल्मेट काढून काखेत घेतलं आणि गेली.

दगड कुणी काढले नाहीत. काही दिवसांनी दुसरे एक इंजिनियर आले, वयस्कर, अध्यक्षांच्या ओळखीतले. त्यांनी बूट काढले. ते भरलेल्या जागेभोवती फिरले, पायाने दाबून पाहिलं आणि ठीक आहे म्हणाले. स्लॅब पडला. पाणी मारायची पाळी घरोघरी वाटून घेतली, आणि ती सगळ्यांनी श्रद्धेने केली.

मी त्या खोलीत पुन्हा बसून पाहिलं. खुर्ची होती, हात ठेवायची जागा होती. पण मी वाचत नव्हते आणि आठवतही नव्हते. मी ऐकत होते. दरवाजा कुठे लागला, कुणी पलंग सरकवला, की माझे कान फरशीकडे. यांच्या खोलीत बसून मला यांची आठवण येईना, तेव्हा मी मुलाला फोन केला. म्हटलं, "ये. मला घेऊन जा." तो म्हणाला, "काय झालं, आई?" मी म्हटलं, काही झालेलं नाही.

आता मी पुण्याला असते. सुनेने माझ्यासाठी एक कपाट रिकामं केलं, त्यात मावतील तेवढी पुस्तकं आणली. मुलुंडच्या घराला कुलूप आहे. निघण्यापूर्वी मी मामींकडे गेले होते. आमच्या वाढीव खोलीच्या डोक्यावर त्यांची वाढीव खोली. मामी तिथे जमिनीवर गादी घालून झोपतात. मी त्यांना समजावून सांगितलं. खाली काय गेलंय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या.

संघाच्या सभेचा निरोप मला अजून फोनवर येतो. सभा पुन्हा सुरू झाल्या आहेत. नव्या फरशीचे फोटो आले, दुधी रंगाची, चकचकीत. खुर्च्या पूर्वीसारख्या रांगेत, मधली रांग धरून.

मागच्या आठवड्यात मी मामींना फोन केला. पाऊस जोराचा होता, तिथेही आणि इथेही.

"मामी, भिंतीला भेग वगैरे दिसते का हो?"

"माका खंय दिसता? सून म्हणता, रंगाचो पोपडो असा."

"खिडकीच्या कोपऱ्यात?"

"व्हय. तुका कसा ठावक?"

मी म्हटलं, "मामी, माझं ऐका. त्या खोलीत झोपू नका."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मामींनी कूस बदलली असावी, बांगड्या फरशीला लागल्या.

"मगे झोपू खंय, गो?" त्या म्हणाल्या. "वारो त्या एकाच खोलयेत येता."